चावी ऑन, इंजिन बंद, तरी कॉइल गरम: आफ्टरमार्केट ईसीयूचं इग्निशन वायरिंग कसं तपासायचं

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे आत्ता बॉनेटमध्ये वाकून एका हाताने मोबाइल स्क्रोल करतायत, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलतानाचे "अं", "म्हणजे", "थांब थांब" बरेचसे काढलेत, आकडेमोड पुन्हा करून घातलीय. बाकी बोललो तसंच.

आजचा विषय आला महाड औद्योगिक वसाहतीतून. बिरवाडीच्या बाजूला माझ्या शाळेतल्या मित्राचं गॅरेज आहे. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या बोलेरो, कामगारांच्या बाइक, घाट चढून तापलेल्या गाड्या, हे त्याचं रोजचं काम. पण मागच्या शेडमध्ये त्याने एक जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० ठेवलीय. तिला त्याने एमपीएफआयचं मॅनिफोल्ड लावलं, क्रँक पुलीवर दात्यांचं चाक बसवलं, डेल्को काढून टाकला आणि प्रत्येक सिलिंडरवर एक अशा तीन कॉइल लावल्या. हे सगळं चालवायला स्पीडुइनो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्पीडुइनो हा ओपन सोर्स ईसीयू आहे, जॉश स्टुअर्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने सुरू केलेला, आर्डुइनो मेगाच्या बोर्डावर चालणारा. कोड सगळा उघडा. त्यामुळे आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना त्यात बोट घालायचा मोह होतोच.

गाडीची लक्षणं अशी होती. चावी ऑन केली की सेल्फ न मारताच मिनिटभरात तिन्ही कॉइल हाताला चटका बसेल इतक्या गरम. कधी फ्यूज जायचा. सेल्फ मारला की इंजिन एखादं फायर द्यायचं, पण भलत्याच वेळी, मॅनिफोल्डमधून फटाका. आणि एक कॉइल आधीच मेलेली. मित्राच्या दृष्टीने हा काही छंद नव्हता फक्त. पोलादपूरच्या एका गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं होतं, "तुझी चालली तर माझ्या जिप्सीचं काम तुलाच." म्हणजे ही ८०० चालली नाही, तर नुसत्या तीन कॉइल जात नव्हत्या, पुढचं काम पण जात होतं.

आता दुरुस्तीकडे जाण्याआधी कॉइल नेमकं काय करते ते बघू. हे समजलं की अर्धं ट्रबलशूटिंग डोक्यातच होतं.

कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. प्रायमरी जाड तारेची, कमी वेढ्यांची. सेकंडरी बारीक तारेची, शंभरेक पट वेढ्यांची. प्रायमरीला १२ व्होल्ट दिले की करंट एकदम चढत नाही, हळूहळू चढतो, आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मग तो करंट अचानक तोडला की क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होतात. प्लगवर स्पार्क पडतो. लक्षात घ्या: स्पार्क करंट *चालू* केल्यावर पडत नाही, *बंद* केल्यावर पडतो. करंट जितका वेळ चालू ठेवतो त्याला ड्वेल म्हणतात, साधारण २ ते ४ मिलिसेकंद.

आमच्या गॅरेजातले काका, ज्यांनी आयुष्यभर सीबी पॉइंट घासले, त्यांना हे मला सांगावं लागलं नाही. पॉइंट उघडला की स्पार्क, हे त्यांना पाठ. जाता जाता गंमत सांगतो. आपल्याकडे मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला "डेल्को" म्हणतात ना, ते डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीचं लघुरूप. १९०९ मध्ये चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी काढलेली अमेरिकन कंपनी. पॉइंट आणि कॉइलवाली इग्निशन गाड्यांमध्ये रुळवली ती केटरिंगनेच. म्हणजे महाडच्या गॅरेजात रोज शंभर वर्षं जुन्या कंपनीचं नाव घेतलं जातं आणि कोणाला पत्ता नाही.

आता थोडी आकडेमोड. घाबरू नका, बारावीचं फिजिक्स आहे. समजा कॉइलच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स ०.६ ओहम आणि इंडक्टन्स ४.५ मिलिहेन्री. १२ व्होल्टवर ३ मिलिसेकंद ड्वेल दिला तर करंट साधारण ६.६ अँपिअरपर्यंत चढतो. झाला, तोडा, स्पार्क. पण तोडलाच नाही तर? करंट चढत चढत १२ भागिले ०.६, म्हणजे २० अँपिअरला जाऊन थांबतो. २० अँपिअर गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे २४० वॉट. मुठीएवढ्या प्लॅस्टिकच्या कॉइलमध्ये २४० वॉट उष्णता. घरातली इस्त्री कमी सेटिंगवर ठेवून तिच्यावर इपॉक्सी ओतल्यासारखं. काही कॉइलमध्ये करंट आटोक्यात ठेवणारं सर्किट असतं, म्हणून त्या लगेच जळत नाहीत, पण तापतातच.

म्हणून "इंजिन बंद असताना कॉइल गरम" या लक्षणाचा अर्थ जवळपास एकच असतो: कॉइलला सतत "चार्ज हो" असा सिग्नल मिळतोय. आता का मिळतोय, ते शोधायचं.

पहिला प्रश्न, कॉइल कुठल्या प्रकारची आहे? हे न बघता वायर जोडणारे लोक खूप. दोन पिनची कॉइल साधी असते: एका पिनला १२ व्होल्ट, दुसरी पिन कोणीतरी अर्थ करायची आणि सोडायची. ते "कोणीतरी" म्हणजे एक दणकट ट्रान्झिस्टर, बहुतेक वेळा आयजीबीटी. त्याला इग्नायटर म्हणतात. हा तुमच्या ईसीयूमध्ये नसेल तर बाहेर लावावा लागतो. स्पीडुइनोच्या नेहमीच्या बोर्डावर इग्निशनचं आउटपुट फक्त सिग्नल देतं, ५ व्होल्ट किंवा १२ व्होल्ट, जंपर बसेल तसं. त्याला दोन पिनची कॉइल थेट जोडली तर बोर्डावरची चिप क्षणात जाते. कॉइल तोडताना प्रायमरीवर सुद्धा तीनशे-चारशे व्होल्टचा उसळा येतो, तो कुठल्याही सिग्नल चिपला झेपत नाही.

तीन किंवा चार पिनच्या कॉइलमध्ये बहुतेक वेळा इग्नायटर आतच असतो. ती स्मार्ट कॉइल. "बहुतेक वेळा" हे मुद्दाम म्हणतोय. काही तीन पिनच्या कॉइलमध्ये तिसरी पिन वेगळ्याच कामाची असते. आणि चार पिन म्हणजे सगळ्या सारख्या असंही नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या टर्बो पेट्रोल इंजिनांची चार पिनची कॉइल लोक प्रोजेक्टमध्ये खूप वापरतात. तिच्यात १२ व्होल्ट, ट्रिगर आणि दोन वेगळे अर्थ असतात, एक पॉवरचा आणि एक सिग्नलचा. टोयोटाच्या चार पिनच्या कॉइलमध्ये मात्र अर्थ एकच, आणि चौथी पिन स्पार्क झाल्याची पावती कंपनीच्या ईसीयूला परत पाठवते. ती पिन आपल्या आफ्टरमार्केट ईसीयूला लागत नाही, मोकळी सोडायची. पण "चार पिन म्हणजे दोन अर्थ" असं समजून ती कोणी अर्थ केली तर काय होईल याची जबाबदारी माझी नाही. कॉइलवरचा पार्ट नंबर वाचा, त्याच नंबरचा पिनआउट शोधा, कपलरच्या कुठल्या बाजूने चित्र काढलंय ते बघा. आरशातल्या चित्रासारखं उलटं जोडणं ही फार कॉमन गोष्ट आहे.

मल्टीमीटरने साध्या कॉइलची प्रायमरी मोजता येते: आजकालच्या कॉइलला अर्धा-पाऊण ओहम, जुन्या डबा कॉइलला दीड ते तीन ओहम. स्वस्त मीटरच्या प्रोबचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ असतो, तो आधी प्रोब एकमेकांना टेकवून बघा आणि वजा करा. स्मार्ट कॉइलमध्ये मध्ये इलेक्ट्रॉनिक्स असल्याने हे मोजमाप जवळपास निरुपयोगी आहे.

मित्राच्या कॉइल स्मार्ट होत्या, वायर बरोबर पिनला होत्या. मग सतत सिग्नल का?

इथे येतो आजच्या एपिसोडचा खरा व्हिलन: ट्रिगरची दिशा. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना "अॅक्टिव्ह हाय" आणि "अॅक्टिव्ह लो" माहीत असतं. एक बूलियन, आणि तो उलटा. नेहमीच्या स्मार्ट कॉइलला ट्रिगर वायरवर व्होल्टेज आलं की ती चार्ज होते, आणि व्होल्टेज शून्यावर पडलं की स्पार्क देते. ईसीयूच्या सेटिंगमध्ये हे उलटं झालं तर काय होईल बघा. इंजिन बंद असताना वायर "आराम" अवस्थेत असायला हवी, म्हणजे शून्य. उलट्या सेटिंगमध्ये आरामाची अवस्था पाच व्होल्ट होते. कॉइलला वाटतं चार्ज व्हायचंय. ती होत राहते. सेल्फ मारला की ईसीयू जेव्हा "चार्ज सुरू" म्हणतो तेव्हा वायर खाली पडते आणि तिथेच स्पार्क पडतो. म्हणजे स्पार्क ड्वेलइतका आधी. चालत्या इंजिनात ३ मिलिसेकंद म्हणजे किती? ८०० आरपीएमला एक फेरा ७५ मिलिसेकंदांचा, तर ३ मिलिसेकंद म्हणजे १४ डिग्री. ३००० आरपीएमला ५४ डिग्री. एवढा अॅडव्हान्स कुठलंच इंजिन सहन करत नाही. मित्राचा फटाका तिथून येत होता.

आणि आता नावांचा घोळ ऐका. स्पीडुइनोच्या सेटिंगमध्ये "गोइंग लो" आणि "गोइंग हाय" असे दोन पर्याय आहेत. तिथे "गोइंग लो" म्हणजे आउटपुट खाली पडताना स्पार्क. नेहमीच्या स्मार्ट कॉइलला हेच हवं. मेगास्क्वर्ट हा त्याच्याही आधीचा, खूप वापरला गेलेला ईसीयू. त्याच्या एमएस३ मध्ये तीच कॉइल चालवायला "गोइंग हाय" निवडावं लागतं. शब्द तेच, अर्थ उलटा. कारण एकाने स्पार्कच्या क्षणावरून नाव दिलंय, दुसऱ्याने चार्जच्या बाजूवरून. आम्ही ऑफिसमध्ये एका फ्लॅगला चुकीचं नाव दिलं तर कोड रिव्ह्यूमध्ये चार लोक तुटून पडतात. इथे फ्लॅगच्या नावाने कॉइल जळते, आणि रिव्ह्यू करायला फक्त नाक असतं, जळका वास घ्यायला.

मित्राने एका व्हिडिओत बघून सेटिंग भरलं होतं. तो व्हिडिओ मेगास्क्वर्टचा होता. व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता, त्याच्या ईसीयूसाठी ते बरोबरच होतं.

सेटिंग बदललं की झालं, असं वाटेल. पण मला शब्दांवर विश्वास ठेवायचा नव्हता, वायरवर ठेवायचा होता. त्यासाठी एक दहा रुपयांची टेस्ट. कॉइलचे सगळे कपलर काढा. इंजेक्टरचे कपलर काढा आणि फ्युएल पंपाचा फ्यूजही काढा, नाहीतर सेल्फ मारत राहाल तसं पेट्रोल आत साठत जाईल. आता एक एलईडी घ्या, त्याला एक किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, आणि ट्रिगर वायर ते अर्थ असा जोडा. लांब पाय ट्रिगरकडे. चावी ऑन, इंजिन बंद: एलईडी पूर्ण विझलेला हवा. सेल्फ मारा: छोटे छोटे लुकलुक दिसायला हवेत. अंधारात बघा, कारण दर फेऱ्याला जेमतेम पाच मिलिसेकंद पेटतो. उलट दिसलं, म्हणजे बंद इंजिनात एलईडी पेटलेला आणि सेल्फ मारतानाही पेटलेलाच वाटतोय, तर दिशा उलटी आहे. काहीच दिसलं नाही तर प्रश्न इग्निशनचा नाही, क्रँक सेन्सरचा सिग्नलच येत नाहीये. ट्यूनरस्टुडिओमध्ये आरपीएम शून्य दिसेल.

ही टेस्ट नेहमीच्या पिवळ्या बल्बच्या टेस्ट लॅम्पने करू नका. तो ईसीयूच्या आउटपुटमधून नको इतका करंट ओढतो. आणि सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट टेस्टचं जे पान असतं, त्यातलं "ऑन" बटण कॉइल जोडलेली असताना दाबू नका. ऑन म्हणजे ऑन. वरचे २४० वॉट आठवा.

आमच्याकडे एलईडी पेटलेला होता. सेटिंग बदललं, बर्न केलं, ईसीयू बंद करून पुन्हा चालू केला, एलईडी विझला. सेल्फवर लुकलुक. काका म्हणाले, "एवढ्यासाठी लॅपटॉप?" मी म्हटलं, "काका, तुमच्या पॉइंटला उलटं बसायची सोयच नव्हती." त्यावर ते खूश.

आता इथेच एक जादा काळजी. ईसीयू चालू होताना पहिले एक-दोन सेकंद आर्डुइनोचा बूटलोडर चालतो. तेवढ्या वेळात पिना ना हाय ना लो, लोंबकळत असतात. तेव्हा कॉइल चार्ज होऊ नये म्हणून कॉइलचा १२ व्होल्ट चावीवरून थेट देण्याऐवजी फ्युएल पंपाच्या रिलेवरून घ्यायचा. पंप रिले ईसीयू स्वतः चालवतो: सुरुवातीला थोडा वेळ, आणि मग फक्त इंजिन फिरत असतानाच. उद्या कोणी पुन्हा चुकीची ट्यून लोड केली तरी इंजिन बंद पडलं की काही सेकंदांत कॉइलचा करंट तुटतो. वायर जाड घ्या, कॉइलसाठी वेगळा फ्यूज ठेवा. हे मित्राने त्याच संध्याकाळी केलं.

गाडी सुरू झाली. शेडमध्ये आरडाओरडा, व्हिडिओ, स्टेटस, सगळं. पण अडीच हजारच्या आसपास गेली की मिसिंग. आरपीएमची सुई उड्या मारायची, मध्येच ईसीयू रीसेट. दुसरा प्रॉब्लेम पहिल्याच्या मागे लपला होता. असं नेहमीच होतं.

हा दुसरा प्रकार अर्थिंगचा. कोकणात गाड्यांची निम्मी इलेक्ट्रिकल दुखणी अर्थिंगची असतात, असं माझं ठाम मत आहे. चार महिने पाऊस, दमट हवा, आणि २०२१ च्या जुलैमधल्या महाडच्या पुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या अजून वापरात आहेत. बाहेरून धुतल्या, सीट बदलल्या, पण हार्नेसच्या आत तांबं हिरवं झालंय. थिंबल बाहेरून चकचकीत, आत वायरीचे चार धागे उरलेत. मित्राने या ८०० मध्ये अशाच एका गाडीचा हार्नेस कापून वापरला होता.

फरक किती पडतो? पुन्हा तीच कॉइल घ्या. रस्त्यात फक्त अर्धा ओहम गंजलेला जोड आला, तर ३ मिलिसेकंदांत करंट ६.६ ऐवजी ५.७ अँपिअरच चढतो. स्पार्कची ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे ती साधारण एक चतुर्थांशाने घटते. शांत चालताना कळणार नाही. थ्रॉटल दाबला, सिलिंडरमधलं प्रेशर वाढलं, की स्पार्क पडायला नकार देतो. आणि मीटरच्या ओहम सेटिंगवर असा जोड बऱ्याचदा ठीक दाखवतो, कारण मीटर त्यातून करंटच पाठवत नाही. म्हणून लोडवर व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. मीटर व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या प्लसला, दुसरा कॉइलच्या १२ व्होल्टच्या पिनला मागून टोचा, कॉइल जोडलेल्या ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर त्या रस्त्यात गडबड आहे. मग बॅटरीच्या मायनसपासून कॉइलच्या अर्थ पिनपर्यंत तसंच: तिथे ०.२ च्या खाली हवं. मीटर सरासरी दाखवतो हे लक्षात ठेवा. खरा उसळा त्याहून मोठा असतो.

पण मित्राच्या गाडीत याहून वाईट होतं. कॉइलचा अर्थ आणि सेन्सरचा अर्थ एकाच बारीक वायरीने ईसीयूपर्यंत आणलेला. दोन मीटर लांब, अर्धा स्क्वेअर एमएमची वायर. तिचा रेझिस्टन्स साधारण ०.०७ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण ६.६ अँपिअर जाताना त्यावर जवळपास अर्धा व्होल्ट पडतो. सेन्सर ५ व्होल्टच्या मापावर बोलतात. त्यांचा शून्यच दर स्पार्कला अर्धा व्होल्ट हलत असेल तर मॅप सेन्सरचं रीडिंग त्या क्षणी १०-२० केपीए चुकतं, आणि क्रँक सेन्सरच्या सिग्नलमध्ये खोटे दाते दिसतात. आरपीएम वाढला की हे धक्के जवळ जवळ येतात. ईसीयूला वाटतं एक दाता चुकला, सिंक गेला, पुन्हा मोजायला लागतो. तीच मिसिंग.

उपाय वायरमनला विचारलात तरी तोच सांगेल: कॉइलचा पॉवर अर्थ जाड वायरीने थेट सिलिंडर हेडवर, कारण स्पार्कचा करंट प्लगमधून हेडमध्येच येतो आणि तिथूनच त्याला कॉइलकडे परतायचंय. ईसीयूचा अर्थ वेगळ्या वायरीने इंजिन ब्लॉकच्या एका जागी. सेन्सरचे अर्थ फक्त ईसीयूवर, बॉडीला कुठेही नाही. हेड ते बॉडी ते बॅटरी मायनस जाड पट्टी. बोल्टखालचा रंग खरवडायचा, थिंबल नीट दाबायचं, वर ग्रीस. क्रँक सेन्सरची वायर जाळीवाली, आणि ती जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ. दोन्ही टोकांना केलीत तर तिच्यातूनच करंट फिरायला लागतो. आणि प्लग रेझिस्टरवाले घ्या, ज्यांच्या नंबरात बऱ्याच कंपन्या "आर" लिहितात. बिनरेझिस्टरच्या प्लगने शेजारचा आर्डुइनो वेडा होतो, हे मी दुसऱ्या एका गाडीत डोळ्यांनी पाहिलंय.

एक दिवस गेला यात. अर्थ वेगळे केले, हार्नेसचा तो तुकडा फेकून दिला. मिसिंग गेलं.

ड्वेलबद्दल एक राहिलं. १२ व्होल्टला ३ मिलिसेकंद बरोबर असेल, पण सेल्फ मारताना थंड सकाळी बॅटरी ८ व्होल्टपर्यंत कोसळू शकते. तेवढाच करंट चढायला मग ५ मिलिसेकंद लागतात. उलट चालत्या गाडीत अल्टरनेटर १४ व्होल्ट देतो, तेव्हा अडीच पुरतात. म्हणून ईसीयूमध्ये व्होल्टेजप्रमाणे ड्वेल बदलायचा तक्ता असतो, तो भरा. नवीन कॉइलला कमी ड्वेलपासून सुरू करा, हळूहळू वाढवा, हाताने तापमान बघत राहा. हात अर्थातच इंजिन बंद करून लावायचा. चालू इंजिनात कॉइल उचलून "स्पार्क किती लांब पडतो" हे दाखवायची सवय सोडा. एक तर तीस-चाळीस हजार व्होल्ट, दुसरं म्हणजे स्पार्कला जायला जागा नसली की तो कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून जातो. पेसमेकर असलेल्या माणसाला तर जवळही उभं करू नका.

मारुती ८०० बद्दल विशेष: तीन सिलिंडर, फायरिंग ऑर्डर १-३-२. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन एकत्र वर येतात, म्हणून दोन टोकांची एक कॉइल दोघांना वाटून देता येते. तीनमध्ये अशी जोडीच नसते. त्यामुळे तीन वेगळ्या कॉइल लागतातच. कॅम सेन्सर नसेल तर प्रत्येक कॉइल दर फेऱ्याला फायर होते: एकदा कामाचा स्पार्क, एकदा एक्झॉस्टच्या स्ट्रोकवर वाया. चालतं. दोन नंबर आणि तीन नंबरची ट्रिगर वायर अदलाबदल झाली, तर मात्र गाडी एका सिलिंडरवर ढेकर देत राहते. तेव्हा आधी सेटिंग नाही, वायरींचा क्रम बघा.

शेवटी टायमिंग लाइट. हे टाळणारे खूप आहेत, कारण "सुरू झाली ना!" सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० डिग्रीवर फिक्स करा, पुलीवरच्या खुणेवर लाइट मारा. खूण १० वर दिसेपर्यंत ट्रिगर अँगल बदला. मग आरपीएम वाढवा. फिक्स टायमिंग असल्याने खूण जागची हलायला नको. वाढत्या आरपीएमबरोबर ती सरकत गेली आणि तुमचा क्रँक सेन्सर दोन वायरीचा मॅग्नेटिक असेल, तर बहुधा त्याच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात. अदलाबदल करा आणि अँगल पुन्हा सेट करा. दर फेऱ्याला स्पार्क देणाऱ्या सिस्टिमवर डायलवाला टायमिंग लाइट दुप्पट अॅडव्हान्स दाखवू शकतो, त्यामुळे डायल शून्यावर ठेवून खुणाच वाचा. काम झालं की फिक्स टायमिंग काढायला विसरू नका.

कायद्याचं दोन वाक्यांत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात असे बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मित्राची ८०० शेडमध्ये आणि मागच्या खासगी प्लॉटवर चालते, मुंबई-गोवा हायवेवर नाही. जिप्सीवाल्यालाही त्याने हेच स्पष्ट सांगितलंय, आणि त्याला ती मातीतल्या स्पर्धांसाठीच हवी असल्याने काम मिळालंय.

आता एक प्रश्न, जो व्हॉट्सअॅपवर बऱ्याच जणांनी विचारलाय: "जुन्या कार्ब्युरेटरवाल्या स्प्लेंडरची कॉइल स्पीडुइनोला चालेल का?" थेट नाही. त्या बाइकवर सीडीआय असतं. तिथे ऊर्जा कॉइलमध्ये नाही, कपॅसिटरमध्ये साठते. दोनेकशे-तीनशे व्होल्टला चार्ज झालेला कपॅसिटर एकदम कॉइलमध्ये रिकामा करतात. त्या कॉइलचं काम फक्त व्होल्टेज वाढवणं. तिची प्रायमरी ऊर्जा साठवण्यासाठी बनवलेलीच नाही, म्हणून १२ व्होल्टवर ड्वेल देऊन तिच्यातून स्पार्क मागितलात तर अशक्त स्पार्क आणि गरम कॉइल मिळेल. बाइकवर प्रयोग करायचाच असेल तर फ्युएल इंजेक्शनवाल्या बाइकची कॉइल शोधा, बहुतेक दोन पिनची साधी असते, आणि मध्ये इग्नायटर लावा. इग्नायटरला हीटसिंक हवाच. तो बाइकच्या टाकीखाली कुठे बसवायचा, पावसाचं पाणी कसं टाळायचं, याचे फोटो मित्राने पाठवलेत. ते पुढच्या एपिसोडबरोबर टाकतो.